जामसांवलीपर्यंत जाणारा लॅपटॉप

भगवंतराव घागरे कोणतीही वस्तू आधी ऐकत आणि मग पाहत. पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते चौतीस वर्षं फिटर होते. शेडमध्ये सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारच्या माणसाचं ओरडणंही नुसतं तोंड हलल्यासारखं दिसतं. तिथे हे गृहस्थ लांब पेचकसाचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "सात नंबरची बेअरिंग. परवापर्यंत काढन." आणि बेअरिंग आज्ञाधारकपणे परवाच जायची. मालक ज्योतिष्याला विचारत नसे, भगवंतरावांना विचारायचा.

तो पेचकस पुढे घरातही फिरू लागला. मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर यांच्या छातीला तो लागलाच, पण करुणाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीला पाहायला आलेल्या एका मुलाची मोटरसायकल ऐकून त्यांनी स्थळ नाकारलं, असंही आमच्याकडे सांगतात. हे साफ खोटं आहे. मोटरसायकल त्या मुलाच्या काकाची होती.

एवढं सगळं ऐकणाऱ्या माणसाने स्वतःची छाती तेवढी कधी ऐकली नाही. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळून यायची. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी, आणि शनिवारपर्यंत एकदम मोकळी. रुईच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाची छाती असंच वागते, हे नागपूरच्या डॉक्टरने फार उशिरा सांगितलं. भगवंतरावांनी स्वतःच्या पद्धतीने हिशेब लावलेला होता: शनिवार मारुतीचा, शनिवारी दम मोकळा होतो, म्हणजे मारुतीच तो मोकळा करतो. मग दर शनिवारी पाळी सुटली की लुनावर बसून जामसांवली. नारळ, तेल, रुईची माळ. देवाला रुईच्या पानांची माळ आणि भक्ताच्या छातीत कापसाची रुई, असा तो व्यवहार वीसेक वर्षं चालला. छाती सोमवारी पुन्हा आवळायची. त्याचा दोष ते रविवारी खाल्लेल्या वांग्यांना देत.

मग सोमवार मंगळवारात शिरला, मंगळवार बुधवारात, आणि एके वर्षी शनिवार आलाच नाही. नोकरी सुटली. दोन वर्षांत घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरकडे भगवंतरावांनी सरळ विचारलं, "किती काढन?" डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडे, प्रेमलताकाकूंकडे पाहिलं. भगवंतरावांनी ते पेचकसाशिवाय ऐकलं.

आता त्यांना आडवं होता येत नसे. पाठीला तीन उशा लावून बसूनच झोपायचं. जामसांवलीचा मारुती निजलेला आहे, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. भगवंतराव भेटायला येणाऱ्याला सांगत, "तो निजून राह्यला, मी बसून राह्यलो. दोघांतून एकाले तरी ड्यूटी कराच लागते." ऐकणारा हसायचा आणि बाहेर येऊन चप्पल उलटी घालायचा.

एकदा त्यांना खरोखर न्यायचं ठरलं होतं. भाड्याची गाडी, सिलिंडर, मागे टेकायला लोड, पुढे काकू नारळ घेऊन. अर्ध्या रस्त्यात सिलिंडरचा काटा खाली आला आणि गाडी वळवावी लागली. त्यानंतर त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. नाव काढलं ते लॅपटॉपने.

तो लॅपटॉप करुणाचा. आठ वर्षांपूर्वी बारावीत चांगले मार्क पडले म्हणून शासनाने दिलेल्या पैशातून घेतलेला. पुढे ती नोकरीला पुण्याला गेली, तिला कंपनीचा मिळाला आणि हा घरी राहिला. गेल्या दिवाळीत तिने त्यात ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. बाबांचं मन रमेल, एवढाच हेतू. मन असं रमलं की काकूंनी त्या वस्तूचं नाव 'डबडं' ठेवलं, आणि त्या उच्चारात सवतीला लागतो तेवढा तिखटपणा होता.

पहिले काही महिने भगवंतराव जर्मनीत ट्रक चालवत होते. तिथल्या रुंद रस्त्यावर लोक शंभरच्या वर जात आणि हे डाव्या हाताने नाकातली नळी सांभाळत चाळीसने जायचे. कोणी ओव्हरटेक केलं की म्हणायचे, "जा बाप्पा, तुले घाई असन." सिग्नलला थांबले की इंजिन बंद. डिझेल गेममधलं, पण डिझेल ते डिझेल. "काय जर्मनी आहे हे," त्यांची तक्रार असे, "कोणी हॉर्न देत नाही. माणसाले वाटते आपणच मेलो का काय."

मग सौसरच्या गौरव नावाच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने त्या गेमसाठी आपल्या भागाचा नकाशा तयार केल्याचं करुणाला समजलं आणि तिने तो पाठवला. पांढुर्णा ते सौसर, पूर्ण रस्ता. जिनिंगच्या पांढऱ्या भिंती, संत्र्याचे बगीचे, ढाबे, गतिरोधक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीच्या नदीवरचा पूलही होता, फक्त गौरवने दगड ठेवले नव्हते, त्यामुळे पांढुर्णा जरा अपुरं वाटायचं. आणि पुढे जामसांवलीचा फाटा होता, आत मंदिर होतं. भगवंतरावांनी पहिल्यांदा नकाशावर ते नाव वाचलं तेव्हा काकूंना हाक मारली. काकू पीठ मळता मळता आल्या. ते म्हणाले, "रस्ता आहे." एवढंच म्हणाले.

पण लॅपटॉप जाईना. पांढुर्ण्यातून ट्रक निघे, ढाबे मागे पडत, आणि फाट्याच्या अलीकडे जो लहान पूल आहे तिथे चित्र थबके. पंखा किंचाळे, खालचा पत्रा चटका देई, आणि पडदा काळा. दहा वेळा निघाले, दहा वेळा पुलावर काळोख. अकराव्या वेळी त्यांनी पेचकस मागवला, टोक लॅपटॉपच्या पाठीला लावलं, मूठ कानामागे धरली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "दम लागून राह्यला याले. भूपेंद्रले बोलाव."

भूपेंद्रचं स्टेशन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तिशीचा माणूस, हात सोन्याचा, पण धंद्याला न शोभणारा एक दोष त्याच्यात आहे. तो खरं बोलतो. कोणी जुनं मशीन घेऊन आलं की उघडून पाहतो आणि म्हणतो, "नका लावू." त्याचा एकच नियम: मशीन जितके दिवस काढेल त्याच्यापेक्षा जास्त जीव त्याच्यात ओतू नये. निम्मी गिऱ्हाइकं हा नियम ऐकून परत जातात आणि बाजूच्या दुकानात जाऊन पैसे ओततात. बाजूच्या दुकानाला आता एसी आहे.

तो घरी कामाला जात नाही, पण भगवंतरावांकडे गेला. शनिवारचा दिवस होता. भगवंतराव उशांना टेकून बसलेले, ऑक्सिजनचं मशीन खाली घुर्र घुर्र करतंय, आणि त्याच बोर्डावर लॅपटॉपची पिन.

"काका, खरं सांगू का?" लॅपटॉप चालवून पाहिल्यावर भूपेंद्र म्हणाला.

"खोटं सांगाले दुसरे होते ना. तुले काऊन बोलावलं?"

"याची रॅम वाढवता येते. चारची बारा होईन. जुनी डिस्क काढून एसएसडी टाकता येते, तुरतुर चालन. पण गेमले जे खरं पाहिजे, ते ग्राफिक्सचं, ते बोर्डालेच चिकटवून असते. ते बदलत नाही."

"म्हणजे टायर नवे, इंजिन जुनं."

"हाव."

"मंग जाईन का फाट्यापर्यंत?"

"सगळं कमीवर ठेवलं तर जाईन. झाडाले पानं नाही दिसणार, सावली नाही दिसणार. पण जाईन. मात्र मी म्हणतो, नका लावू काका. आठ वर्षांचं मशीन आहे. बिजागरी ढिली, बॅटरी मेलेली. करुणाताईले सांगा, नवाच घ्या."

"ते तर रोज म्हणून राह्यली. नवा कोण चालवन मागून? तुही काकू? तिले तर हा बंद करता येत नाही."

"मले करायचाच नाही," आतून काकू म्हणाल्या.

भगवंतराव थोडा वेळ श्वास गोळा करत बसले. "तू मले एक सांग. सगळं लावलं, तर हा किती काढन?"

"वर्ष. लई झालं तर दीड."

"वर्ष नक्की?"

"वर्ष तर काढनच."

"मंग लाव," भगवंतराव म्हणाले. "माप बरोबर आहे. उलट उरन."

भूपेंद्रने आयुष्यात शेकडो लोकांना नियम ऐकवला होता, पण त्याचं दुसरं टोक त्याच्या हातात आजवर कोणी दिलं नव्हतं. तो खाली पाहून उगीच बॅगेतला लहान पेचकस शोधू लागला. आत काकूंनी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

त्याने तिथेच पाठ उघडली. पंख्याच्या जाळीला एक पांढरट, दबलेली गादी चिकटलेली होती. चिमट्याने ओढली तर अखंड निघाली.

"काका, यात तर जिनिंग आहे."

भगवंतरावांनी ती तळहातावर घेतली. सवयीने अंगठ्याने उलगडली, धागा ताणून लांबी पाहिली. "आमच्याच शेडची," ते म्हणाले. करुणा अभ्यासाला बसायची तेव्हा ते कामावरून आल्या कपड्यांनिशी तिच्या बाजूला जाऊन बसत. "काय लिहून राह्यली?" असं विचारत. तेवढ्यात ही आत गेली असणार.

"हे निघालं म्हणजे दम मोकळा होईन याचा?"

"हाव काका. एकदम मोकळा."

"हे बरं आहे," भगवंतराव म्हणाले. "झाकण उघडलं, काढलं, बसवलं."

मग काकू बाहेर आल्या आणि हात पुढे केला. "द्या इकडे. वाती होतात. बाजारात कापूस काही फुकट नाही भेटत."

मंगळवारी भूपेंद्र लॅपटॉप परत घेऊन आला. सुरू केला तर आवाज इतका कमी की भगवंतरावांना शंका आली. त्यांनी पेचकस लावला, ऐकलं आणि खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर फिटरचा तो जुना समाधानी भाव आला, दुसऱ्याच्या कामात चूक न सापडल्याचा किंचित दुःखी भाव. ट्रक पांढुर्ण्यातून निघाला. झाडं खरंच बिनपानांची होती, ढाबा म्हणजे रंगवलेला खोका. पण ट्रक चालला. लहान पूल आला. भगवंतरावांनी वेग आणखी कमी केला, जवळजवळ ढकलतच ट्रक पुलावरून नेला. पडदा काळा झाला नाही. पूल मागे पडला. पुढे वळण, वळणाच्या पुढे फाट्याची पाटी.

त्यांनी ब्रेक लावला, ट्रक बाजूला घेतला आणि मागे वळवायला सुरुवात केली.

"काका, काय करून राह्यले? फाटा तर समोर आहे."

"ट्रायल झाली. आज मंगळवार आहे."

"मंग?"

"मंगळवारी कधी गेलो का मी? शनिवारी जाईन."

"काका, गेममधी वार नसते."

"तुह्या गेममधी नसन. त्याच्याकडे असते."

काकू दारात उभ्या होत्या. डबड्याशी त्यांचं वैर सगळ्या गल्लीला ठाऊक, पण त्या म्हणाल्या, "आजच जाऊन या ना. मंगळवार बी त्याचाच आहे. समोर तर दिसून राह्यला. कोण पाह्यते?"

"तोच पाह्यते," भगवंतराव म्हणाले. "वीस वर्षं शनिवारी गेलो. आता आडवारी गेलो तर म्हणन, घागऱ्याले दम नाही निघाला."

यावर ते स्वतःच हसले, आणि त्या हसण्याचा खोकला व्हायला वेळ लागला नाही. काकूंनी पाठीवर हात ठेवला. भूपेंद्र मशीनकडे पाहत राहिला, कुठल्या मशीनकडे ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी तयारीत घालवले. हे मी तयारी म्हणतो ते गंमत म्हणून नाही. बुधवारी काकूंकडून नारळ आणवला. गुरुवारी न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. कपाटातला पांढरा सदरा काढायला लावला, लॅपटॉपसमोर घालून बसायला. काकूंनी विचारलं, नारळ कुठे फोडणार? ते म्हणाले, तू दारात फोड, मी तिथे हॉर्न देतो. शनिवारी वीज जाऊ नये म्हणून वीज कंपनीतल्या ओळखीच्या लाइनमनला निरोप पाठवला. घरचा इन्व्हर्टर फक्त ऑक्सिजनचं मशीन ओढायचा, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. लाइनमनने निरोप पाठवला, काका, शनिवारी काही काम नाही, बेफिकीर राहा.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर भगवंतराव गेले. उशांना टेकून, बसलेलेच. काकू कप घ्यायला आल्या तेव्हा ऑक्सिजनचं मशीन सुरू होतं आणि त्यांना वाटलं, झोप लागली. त्या कप घेऊन परत गेल्या, धुतला, पालथा घातला.

शनिवारी दिवसभर वीज गेली नाही.

तेरवी झाली. करुणा आईला सोबत चल म्हणत होती, आईने नाही म्हटलं, ती पुण्याला गेली. त्यानंतरच्या शनिवारी प्रेमलताकाकू कापडी पिशवीत लॅपटॉप घालून भूपेंद्रच्या दुकानात आल्या. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. भूपेंद्रने दोघांनाही "नका लावू" सांगून लवकर मोकळं केलं.

"काकू, बसा. काय झालं, चालत नाही का?"

"मले काय माहीत चालते का नाही. तूच चालव." त्या स्टुलावर बसल्या. पिशवीतून नारळही निघाला, तोच. "तिथं घेऊन जा."

भूपेंद्रने गेम सुरू केला. ट्रक भगवंतरावांनी ठेवला होता तिथेच होता, पांढुर्ण्यातल्या जिनिंगच्या फाटकासमोर, तोंड सौसरकडे. त्याने वेग घेतला तशा काकू म्हणाल्या, "इतका जोरात नव्हते चालवत." त्याने चाळीसवर आणला. बिनपानांचे बगीचे गेले, खोक्याचे ढाबे गेले. पूल आला, गेला. पाटी आली. भूपेंद्रने फाट्यावरून आत वळवला आणि मंदिराच्या पायरीपाशी ट्रक उभा केला.

मंदिर म्हणजे शेंदरी रंगाची एक चौकट होती. आत काहीच नव्हतं.

काकू चष्मा पुसून वाकल्या. "इथं तर कोणी नाही निजलं."

"आहे काकू, गौरवने बनवला असन. ह्या मशीनमधी दिसत नाही. सगळं कमीवर ठेवलं ना. ग्राफिक्स नाही याच्यात."

"म्हणजे त्यांना बी नसता दिसला."

भूपेंद्र खोटं बोलला असता तर चाललं असतं. "नसता दिसला," तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली. "हॉर्न दे."

त्याने हॉर्न दिला. काकू उठल्या, दुकानाच्या पायरीवर नारळ फोडला, एक भकल त्याच्या टेबलावर ठेवलं. बाजूच्या एसीवाल्या दुकानातला पोऱ्या पाहायला आला आणि समजलं नाही म्हणून परत गेला.

"आता काढून घे," काकू म्हणाल्या.

"काय?"

"जे टाकलं ते. मेलेल्या मशीनचा चांगला पार्ट जित्या मशीनले लावा, हे ते नेहमी म्हणत. कोणाच्या तरी कामी येईन. नवंच आहे, चार दिवस चाललं."

"काकू, राहू द्या ना. तुमच्याजवळ ठेवा."

"मले तर बंद करता येत नाही," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "दाखव कसा करते ते."

त्याने बटन दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं आणि पडदा जाईपर्यंत धरून ठेवलं, ते सुटेल की काय अशा भीतीने. भूपेंद्रने लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले, पाठ उघडली. रॅम काढली, डिस्क काढली. पंख्याकडे हात गेला आणि तो थांबला. तीनेक आठवड्यांपूर्वी ब्रशने साफ करून दिलेल्या त्या जाळीवर पुन्हा पांढरं काही अडकलं होतं. थोडंसंच, चिमूटभर.

"काकू, हे कुठून आलं? मी तर सगळं काढलं होतं."

"घरात आहे ना अजून," काकू म्हणाल्या. "गादीतून निघते, त्यांच्या शर्टातून निघते. झाडून झाडून किती झाडू."

त्यांनी हात पुढे केला. भूपेंद्रने ती चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी दोन बोटांत धरून, थुंकी न लावता, कोरडीच वळली. एक वात झाली, लहानशी. ती त्यांनी पदराच्या टोकात बांधली, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि निघाल्या. बस स्टँडकडे वळल्या. भूपेंद्रने विचारलं, काकू, घर तर तिकडे आहे.

"सौसरची गाडी किती वाजता आहे?" त्या म्हणाल्या. "आज शनिवार आहे ना."